घरगुती मंडळ्या : दार ठोठावणारा आणि दार उघडणारा

शरणपूर रोड ठाऊक नाही, असा नाशिककर सापडणे कठीण. दुकाने, कार्यालये आणि वाहनांची गर्दी यांत बुडालेल्या या रस्त्याच्या नावामागे एकेकाळी एक संपूर्ण ख्रिस्ती वसाहत होती, हे मात्र आता फार थोड्यांच्या स्मरणात उरले आहे. चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ मध्ये नाशकात काम सुरू केले आणि पुढे १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याच्या पुढाकाराने गावाबाहेर शरणपूर वसले. शरण आलेल्यांचे गाव, असा त्या नावाचा सरळ अर्थ. शाळा, उद्योगशाळा, अनाथ मुलांचे वसतिगृह आणि चर्च, असे सारे काही एकाच आवारात होते. अरबी व्यापाऱ्यांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेही येथे आणली गेली. त्यांच्यापैकीच एक जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे १८७३ मध्ये आफ्रिकेत निधन झाल्यावर त्यांचे पार्थिव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधील अंत्यविधीतही त्याने पार्थिवाला खांदा दिला.

या ख्रिस्ती समाजाला ठरलेला पत्ता होता. कोण ख्रिस्ती आणि कोण नाही, हे आवाराच्या कुंपणावरून कळत असे. १९२९ मध्ये अँग्लिकन परंपरेचा नाशिक धर्मप्रांत निर्माण झाला, १९७० मध्ये तो चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाला, १९८७ मध्ये कॅथलिकांचा स्वतंत्र नाशिक धर्मप्रांत झाला. बिशप, नोंदवही, मालमत्ता, दफनभूमी अशी सारी चौकट स्पष्ट होती. जिल्हाधिकाऱ्यांना चर्चा करायची झाल्यास कोणाला बोलवायचे, हे ठाऊक होते.

आज ज्या ख्रिस्ती प्रसाराविषयी वाद होतात, त्याला असा पत्ता नाही. दोन माणसे वस्तीत जातात, दार ठोठावतात, घरात कोणी आजारी आहे का, काही अडचण आहे का, असे विचारतात आणि प्रार्थना करण्याची परवानगी मागतात. ज्या घरात त्यांना बसायला सतरंजी अंथरली जाते, तेथे ती पुन्हा जातात. काही आठवड्यांनी त्याच घरात शेजारची दोन-तीन कुटुंबे जमू लागतात. गाणी, बायबलमधील एखादी गोष्ट, प्रार्थना आणि चहा. मराठी प्रोटेस्टंट बोलीत चर्च या शब्दाचा अर्थ इमारत असा नसून मंडळी असा आहे. त्या अर्थाने एक नवी मंडळी तेथे उभी राहिलेली असते. तिला घंटा नसते, क्रूस नसतो, पाटीही नसते.

बॅप्टिस्ट पंथाला ही पद्धत विशेष सोयीची आहे आणि त्याचे कारण त्याच्या तत्त्वातच आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज विभक्तमतवाद्यांतून निघालेल्या या पंथाने दोन गोष्टी आग्रहाने धरल्या. बाप्तिस्मा बालकाला द्यायचा नाही, स्वतःच्या समजुतीने विश्वास ठेवणाऱ्यालाच, आणि तोही पाण्यात बुडवून द्यायचा. दुसरी गोष्ट, प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असेल, तिच्यावर बिशप नसेल. त्यामुळे नवी मंडळी काढण्यासाठी कोणाची मंजुरी लागत नाही. पाळकाने धर्मशास्त्राची पदवी घेतलीच पाहिजे, असाही नियम नाही. रिक्षाचालक, कंपनीतला कामगार, शिवणकाम करणारी बाई, कोणीही आपल्या घरात प्रार्थनासभा चालवू शकते. आज दारोदार फिरणारे सगळेच बॅप्टिस्ट असतात असे नाही. पेंटेकोस्टल आणि कोणत्याही पंथाचे नाव न लावणाऱ्या स्वतंत्र मंडळ्याही हीच रीत वापरतात. रीत मात्र मूळची याच घराण्यातली म्हणता येईल.

मराठीशी बॅप्टिस्टांचे नाते तसे जुने आहे, हे जाता जाता सांगायला हवे. बंगालमधील श्रीरामपूर येथे काम करणारा विल्यम कॅरी हा इंग्लंडमधील मूळचा चांभारकाम करणारा बॅप्टिस्ट मिशनरी. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने त्याने मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये छापले, कोश १८१० मध्ये. महाराष्ट्रात मात्र हा पंथ कधी मोठा झाला नाही. मुंबई-अहमदनगर पट्टा अमेरिकन मराठी मिशनकडे गेला, नाशिक अँग्लिकनांकडे आणि विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन कन्झर्व्हेटिव्ह बॅप्टिस्टांनी हाती घेतला तो अमरावती-मेळघाटचा कोरकू मुलूख.

दारोदार जाण्याच्या कार्यक्रमाला शास्त्राचे रूप देणारा माणूसही भारतातच जन्मला. डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म १८९७ मध्ये मध्य प्रांतातील दमोह येथे झाला. मिशनच्या शाळा आणि इस्पितळे यांवर पैसा खर्च होतो, पण मंडळी वाढत नाही, हे त्यांनी तेथे पाहिले आणि १९५५ मध्ये एका पुस्तकात वेगळी मांडणी केली. माणसे एकेकटी धर्म बदलत नाहीत, नातेसंबंध आणि जातभाई यांच्या साखळीने बदलतात, असे त्यांचे म्हणणे. आवार बांधून माणसाला त्याच्या समाजातून बाहेर काढू नका, त्याच्याच घरात, त्याच्याच बोलीत मंडळी उभी करा. १९९० च्या दशकाअखेर अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्टांनी हाच विचार पुढे नेऊन घरातून घरे आणि मंडळीतून मंडळ्या वाढवण्याचे प्रशिक्षण तयार केले. भोजपुरी भाषक पट्ट्यातील प्रयोग जगभर उदाहरण म्हणून सांगितले गेले. तेथील मंडळ्यांचे सांगितले गेलेले आकडे ऐकून खुद्द ख्रिस्ती अभ्यासकांनीही भुवया उंचावल्या आहेत. परदेशातील देणगीदारांना आकडे आवडतात, आणि विरोधी प्रचार करणाऱ्या संघटनांनाही.

जनगणनेतील आकडे या दोघांचीही गैरसोय करणारे आहेत. महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या २००१ मध्ये १०,५८,३१३ होती, २०११ मध्ये १०,८०,०७३ झाली. दहा वर्षांत सुमारे दोन टक्के वाढ. त्याच काळात राज्याची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. म्हणजे ख्रिस्ती समाजाचे प्रमाण १.०९ टक्क्यांवरून ०.९६ टक्क्यांवर घसरले. धर्मांतराची लाट आली आहे, असे म्हणणाऱ्यांना या आकड्यांत लाट दाखवता येत नाही. याला दिले जाणारे उत्तर असे की, नव्या विश्वासणाऱ्यांपैकी बरेच जण कागदोपत्री हिंदूच राहतात. त्या उत्तरात तथ्य आहे. पण मग प्रश्न उरतो की, ते तसे का राहतात? या प्रश्नाकडे दार ठोठावणारे पाहत नाहीत, त्यांना अडवणारेही पाहत नाहीत. सारी चर्चा ठोठावणाऱ्याच्या हेतूभोवती फिरते. दार उघडणाऱ्याला काय हवे होते, त्याने काय गमावले, हे विचारलेच जात नाही.

कायद्याची दृष्टीही बव्हंशी उंबरठ्याबाहेरच थांबते. घटनेच्या २५ व्या कलमात धर्म आचरणाबरोबर त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये या शब्दावर जोरदार वाद झाला आणि कन्हैयालाल मुनशी यांच्यासारख्यांनी तो शब्द राखण्याच्या बाजूने मत दिले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेव्हरंड स्टॅनिस्लाॅस खटल्यात मध्य प्रदेश आणि ओरिसाचे धर्मस्वातंत्र्य कायदे वैध ठरवताना, आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असा भेद केला. त्यानंतर एकेका राज्याने कायदे केले. महाराष्ट्रातही फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलिस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर समिती नेमली गेली आणि तेव्हापासून हा विषय राज्याच्या राजकारणातून दूर गेलेला नाही.

दारोदार जाऊन धर्म सांगण्याविषयी जगातील न्यायालयांनी काय म्हटले, तेही पाहण्यासारखे आहे. ग्रीसमधील मिनोस कोक्किनाकिस हे यहोवाचे साक्षीदार पंथाचे गृहस्थ १९३८ पासून साठहून अधिक वेळा पकडले गेले होते. १९८६ मध्ये ते पत्नीसह क्रीट बेटावरील एका घरी धर्माविषयी बोलायला गेले. ते घर स्थानिक ऑर्थोडॉक्स चर्चमधील गायकाचे निघाले. गायकाने पोलिस बोलावले आणि शिक्षा झाली. ग्रीक न्यायालयांच्या मते, घरातील बाईंचा अननुभव आणि भोळेपणा यांचा फायदा घेतला गेला होता. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९३ मध्ये ही शिक्षा चुकीची ठरवली. धर्माची साक्ष देणे वेगळे आणि अनुचित दबाव आणणे वेगळे. दबाव काय होता, हेच खालच्या न्यायालयांनी दाखवले नाही, असे त्या निकालाचे सार होते. अमेरिकेत २००२ मध्ये ओहायोतील एका खेड्याने घरोघरी प्रचारासाठी परवाना सक्तीचा केला होता, तो तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. आपल्याकडे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये जमखंडी येथे इस्लामविषयक पत्रके वाटणाऱ्यांवरील गुन्हा रद्द केला. पत्रके वाटली म्हणजे धर्मांतराचा प्रयत्न सिद्ध होत नाही, असे त्यात म्हटले आहे.

भोळेपणाचा मुद्दा आपल्याकडील कायद्यांतही आहे. महिला, अल्पवयीन, अनुसूचित जाती आणि जमाती यांच्याबाबत शिक्षा अधिक कडक असते. संरक्षणाचा हेतू समजण्यासारखा आहे. पण या तरतुदीत एक गृहीतकही दडलेले आहे की, आदिवासी बाईने दार उघडले तर तिचा निर्णय तिचा नसतोच. नाशिक जिल्ह्याने तरी असे समजू नये. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. काळाराम मंदिराचे दार १९३० पासून ठोठावूनही उघडले नव्हते, त्यानंतरची ही घोषणा. धर्म बदलणे हा वंचितांनी विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो, हे या जिल्ह्याला बाहेरून शिकण्याची गरज नाही.

आमिषाचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. बॅप्टिस्टांच्याच इतिहासात त्याचे एक बोलके उदाहरण आहे. तेलुगू मुलुखात ओंगोल येथे जॉन क्लाऊ हा अमेरिकन मिशनरी १८७६-७८ च्या दुष्काळात बकिंगहॅम कालव्याच्या एका टप्प्याचे काम घेऊन हजारो लोकांना मजुरी देत होता. लोक बाप्तिस्मा मागत होते. भाकरीसाठी आलेले ख्रिस्ती नकोत म्हणून त्याने दुष्काळ सरेपर्यंत बाप्तिस्मे थांबवले. नंतर ३ जुलै १८७८ या एका दिवसात २,२२२ जणांचे बाप्तिस्मे झाले. त्याच्या टीकाकारांना ते दुष्काळाचेच फळ वाटले, समर्थकांना नाही. मदत आणि विश्वास यांत अंतर ठेवले पाहिजे, एवढे भान त्या मिशनऱ्याला होते.

आजचे आमिष धान्याचे नसते. ते बहुधा बरे होण्याचे असते. सातपूर, अंबडसारख्या कामगार वस्त्यांत सुरगाणा, पेठ, कळवण आणि खानदेशातून आलेली कुटुंबे राहतात. कंत्राटी नोकरी, दारूचे व्यसन, खासगी दवाखान्याचे बिल या तिन्हींपैकी एक तरी त्यांच्या घरात असते. अशा घरी येऊन कोणी नावाने विचारपूस करतो, नवऱ्याची दारू सुटावी म्हणून डोळे मिटून प्रार्थना करतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो, याचे मोल बाहेरच्याला कळणार नाही. इथवर कोणाला आक्षेप असू नये. आक्षेपाची जागा त्यानंतर येते. गोळ्या बंद करा, प्रार्थनेनेच रोग जाईल, असे सांगितले जाते तेव्हा ती श्रद्धा राहत नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा राज्यात आहे. चमत्काराचा दावा करून फसवणाऱ्यांना तो लागू होतो, मग तो बाबा असो, मौलवी असो की पास्टर. घरी किंवा देवळात, चर्चमध्ये होणाऱ्या निरुपद्रवी प्रार्थनेला त्याच कायद्याने सूट दिली आहे. फसवणुकीसाठी उपलब्ध असलेला हा कायदा धर्म न पाहता वापरला गेला असता, तर धर्मांतराच्या नावाखाली होणाऱ्या अनेक तक्रारींना नेमके उत्तर मिळाले असते.

दार उघडणाऱ्याला मोजावी लागणारी किंमत ही तर आणखी वेगळी गोष्ट आहे, आणि ती प्रत्येक दाराला सारखी नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आरंभी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला नाही. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, प्रत्यक्षात ख्रिस्ती राहून आरक्षणासाठी हिंदू असल्याचे सांगणे ही घटनेशी प्रतारणा ठरवली. जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत अशी प्रमाणपत्रे रद्द करण्याचा इशारा दिला. म्हणजे नाशिकरोडच्या एखाद्या दलित कुटुंबाने दार उघडले, तर मुलाच्या शिष्यवृत्तीपासून आईच्या नगरसेवकपदाच्या उमेदवारीपर्यंत सारे पणाला लागते. सुरगाण्यातील कोकणा किंवा महादेव कोळी कुटुंबाचे तसे नाही. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. म्हणूनच धर्मांतरितांना जमातींच्या यादीतून वगळा, ही मागणी पुढे आली. काँग्रेसचे खासदार कार्तिक उरांव यांनी ती १९६० च्या दशकाअखेर संसदेत मांडली होती, अलीकडे ती जनजाती सुरक्षा मंचाने उचलून धरली आहे.

जे प्रचारक दलित वस्त्यांत जातात, त्यांनी हा परिणाम पहिल्याच भेटीत नाही तरी बाप्तिस्म्यापूर्वी स्पष्ट सांगायला हवा. कागदावर काय लिहायचे ते तुमचे तुम्ही पाहा, असे म्हणून मोकळे होणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नाही. आणि सरकारनेही हे मान्य करायला हवे की, लोक नाव लपवतात त्यामागे प्रचारकाचे कारस्थानच असते असे नाही, १९५० चा आदेशही असतो.

बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजाला नवा नाही. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला, तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी होता. टिळकांनी कीर्तन आणि अभंग यांची वाट धरली. आजच्या घरगुती मंडळ्यांतील बरीच गाणी परदेशी चालींवरून घेतलेली असतात, हा त्यांतला एक उणेपणा म्हणावा लागेल. टिळकांच्या घरातच दुसरी बाजूही होती. लक्ष्मीबाई मूळच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. पतीने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्या वेळी त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, मधली वर्षे ताटातूट, सोवळे आणि मनातील उलथापालथ यांत गेल्यानंतर. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या मराठी वाचकाला हे सांगावे लागत नाही. एका घरात राहणाऱ्या दोन माणसांचा धर्म एकाच दिवशी बदलत नाही. घर हेच एकक मानणाऱ्या प्रचारपद्धतीने, आणि घरातील बाई फसलीच असणार असे मानणाऱ्या कायद्यानेही, ही गोष्ट ध्यानात घेतलेली दिसत नाही.

सुरगाणा तालुक्याची सीमा गुजरातच्या डांग जिल्ह्याला भिडते. दोन्ही बाजूंना कोकणा आणि वारली, सोयरीक दोन्हीकडची. डिसेंबर १९९८ च्या नाताळात डांगमध्ये प्रार्थनाघरे जाळली गेली, जानेवारी १९९९ मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी तेथे गेले आणि धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी, असे म्हणाले. २००३ मध्ये गुजरातने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी सक्तीची करणारा कायदा केला. २००६ मध्ये डांगमध्येच शबरी कुंभ भरला. नदीच्या अलीकडे त्या वर्षांत असा कायदा नव्हता. गावातला झगडा मात्र दोन्हीकडे एकाच प्रकारचा होता. गावदेवाची वर्गणी कोण देणार, लग्नात दारू नाही तर भाऊबंद येणार का, मयताला खांदा कोण देणार. नव्या मंडळीत गेलेल्याने वर्गणी नाकारली की गाव त्याला तोडते. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला, तो २०१७ पासून अंमलात आला. जातपंचायतींविरुद्ध नाशिकमधून उभ्या राहिलेल्या चळवळीचा त्यात वाटा मोठा. हा कायदा ख्रिस्ती झालेल्या कुटुंबालाही तितकाच लागू आहे. उलट बाजूने, देवाचा प्रसाद घेतलेल्या सख्ख्या भावाच्या घरी जेवू नये, अशी शिकवण देणाऱ्या मंडळ्यांनीही हा कायदा एकदा वाचायला हरकत नाही.

खरी अडचण येते ती लग्न आणि मृत्यू या दोन प्रसंगी. घरात प्रार्थना चालवायला कोणाचा परवाना लागत नसला, तरी १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न लावण्यासाठी अधिकार असलेला धर्मगुरू किंवा परवानाधारक पाळक लागतो. स्वतंत्र मंडळीच्या पाळकाकडे तो नसेल तर त्याने लावलेले लग्न पुढे वारसाच्या दाव्यात अडते. विशेष विवाह कायद्याने नोंदणी करणे हा सुरक्षित मार्ग आहे. दफनाचे त्याहून बिकट. जुन्या दफनभूमी जुन्या चर्चच्या ताब्यात आहेत आणि सभासदांच्या नोंदवहीत ज्याचे नाव नाही, त्याला तेथे जागा मिळेलच असे नाही. गावात वडिलांच्या शेजारी पुरायचे, तर गाव विरोध करते. बस्तरमधील छिंदवाडा गावच्या एका ख्रिस्ती कुटुंबाचे असेच प्रकरण जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. पार्थिव तीन आठवडे शवागारात होते. खंडपीठाच्या दोन न्यायमूर्तींचे मत जुळले नाही आणि अखेर गावापासून वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत अंत्यविधी करण्याचा आदेश झाला. नाशिक महापालिकेवर मृतांच्या अंत्यविधीसाठी जागा पुरवण्याचे बंधन महापालिका अधिनियमानेच घातले आहे. कोणत्याही चर्चच्या नोंदवहीवर अवलंबून नसलेली, सर्व पंथांच्या ख्रिस्ती नागरिकांना खुली असलेली दफनभूमी विकास आराखड्यात राखून ठेवणे, हे काम त्या बंधनात बसते.